खंडाने दिलेला देश

मोझांबिकवर पोर्तुगालने राज्य केले, हे विधान निम्मेच खरे आहे. १४९८ च्या मार्चमध्ये वास्को द गामाची जहाजे मोझांबिक बेटाला लागली आणि २५ जून १९७५ रोजी पोर्तुगीज झेंडा उतरला. या पावणेपाचशे वर्षांतला बहुतेक काळ लिस्बनची सत्ता किनाऱ्यावरची ठाणी आणि झांबेझी नदीकाठच्या थोड्या पट्ट्यापलीकडे गेली नाही. आतला मुलूख राखायला पोर्तुगालजवळ माणसे नव्हती आणि पैसाही नव्हता. म्हणून त्याने सोपी वाट धरली. मुलूख खंडाने द्यायचा, माणसे मक्त्याने द्यायची आणि आपण वसुली मोजत बसायचे.

सुरुवातीला ही वसुलीही लिस्बनच्या थेट हातात नव्हती. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. गुजरातचे कापड आफ्रिकेत जाई, तिकडून सोने आणि हस्तिदंत येई.

झांबेझीच्या खोऱ्यात सतराव्या शतकात ‘प्राझो’ पद्धत रुजली. राजाकडून मोठमोठे टापू तीन पिढ्यांच्या बोलीने मिळत आणि त्यांचा वार्षिक खंड भरावा लागे. मराठी वाचकाला आपल्याकडची वतनदारी आठवेल, पण इथला वारसा मुलीकडून मुलीकडे जाई. तिने पोर्तुगीज पुरुषाशीच लग्न करावे, अशी अट असे. गोऱ्यांची वस्ती वाढवण्याचा हा बेत कागदावर चोख होता. प्रत्यक्षात प्राझोदारच काही पिढ्यांत आफ्रिकी सरदार बनले. त्यांच्या पदरी ‘आचिकुंडा’ नावाच्या गुलाम शिपायांच्या फौजा होत्या आणि लिस्बनचा हुकूम ते सोयीपुरता मानत. त्यांच्यात गोवेकरही होते. माकांगाचे परेरा घराणे गोन्सालो काएतानो परेरा या गोवेकराने उभे केले. एकोणिसाव्या शतकात गोरोंगोझा भागात दबदबा असलेला मानुएल आंतोनियो द सोझाही जन्माने गोव्याचा. वसाहतीत राज्यकर्ता आणि रयत यांच्यामध्ये बसणारी ही मधली फळी नेहमीच सोयीस्करपणे विसरली जाते.

सोन्याची आवक आटली तेव्हा माणसे विकली जाऊ लागली. ब्राझील आणि हिंदी महासागरातली फ्रेंच बेटे ही मोठी गिऱ्हाइके होती. १८३६ मध्ये पोर्तुगालने गुलामांच्या निर्यातीवर बंदी घातली, तरी जहाजे पुढेही कित्येक वर्षे भरून जात राहिली.

बर्लिन परिषदेनंतर (१८८४-८५) नकाशावरच्या दाव्याला प्रत्यक्ष ताबा दाखवणे भाग पडले. १८९० मध्ये ब्रिटनने निर्वाणीचा खलिता दिला आणि अंगोलापासून मोझांबिकपर्यंत सलग पट्टा मिळवण्याचे पोर्तुगीज स्वप्न संपले. १८९१ च्या तहाने आजच्या सीमा जवळपास ठरल्या. दक्षिणेत गाझा राज्याचा राजा न्गुंगुन्याने डिसेंबर १८९५ मध्ये शाइमिते येथे पकडला गेला. अझोर्स बेटांवर हद्दपारीतच १९०६ मध्ये त्याचा अंत झाला.

हाती आलेल्या या प्रदेशाचे काय करायचे, याचे उत्तर जुनेच होते. मानिका आणि सोफालाचा टापू १८९१ मध्ये मोझांबिक कंपनीला सनदेने देण्यात आला, तर उत्तरेचा मोठा भाग न्यासा कंपनीला. या कंपन्यांतले बरेचसे भांडवल ब्रिटिश आणि फ्रेंच होते. मोझांबिक कंपनी स्वतःचे पोलीस ठेवी, कर वसूल करी, टपाल तिकिटेही छापी. न्यासा कंपनीची सनद १९२९ मध्ये संपली, मोझांबिक कंपनीची १९४० च्या दशकाच्या आरंभी.

जमिनीपेक्षा किफायतशीर मक्ता माणसांचा होता. १८९९ च्या कामगार कायद्याने काम करणे हे ‘नेटिव्हां’चे नैतिक आणि कायदेशीर कर्तव्य ठरवले. झोपडीकर भरता आला नाही, की ‘शिबालो’ची वेठ ठरलेली. रस्ते, मळे, बंदरे तिच्यावर उभी राहिली. तिच्यातून सुटण्याची एक वाट दक्षिणेत होती, ती म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणी. ‘वेनेला’ या भरती संस्थेच्या गाड्यांतून हजारो पुरुष दरवर्षी जोहान्सबर्गच्या खाणींत उतरत. १९०९ आणि १९२८ च्या करारांनी या व्यवहाराला घट्ट चौकट दिली. पोर्तुगालला दर माणसामागे शुल्क मिळे, शिवाय लोरेन्सो मार्केस (आजचे मापुतो) बंदराला ट्रान्सवालच्या मालवाहतुकीचा ठरावीक हिस्सा मिळण्याची हमी. मजुराच्या पगाराचा एक भाग राखून ठेवला जाई आणि तो घरी परतल्यावर स्थानिक चलनात हाती पडे. पुढे ही राखीव रक्कम पोर्तुगालला अधिकृत दराने सोन्यात मिळू लागली. सोन्याचा बाजारभाव चढला, की मधला फरक सरकारी तिजोरीत. घाम गाळणाऱ्याच्या वाट्याला एस्कुदोच्या नोटा आल्या, आणि अनेकदा छातीत खाणीची धूळही.

उत्तरेत कापूस होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने १९३८ मध्ये कापूस निर्यात मंडळ नेमले. लाखो शेतकऱ्यांना ठरवून दिलेल्या क्षेत्रात सक्तीने कापूस पेरावा लागला आणि तो सवलतदार कंपनीलाच, तिच्याच भावाने विकावा लागला. पोर्तुगालच्या गिरण्यांना स्वस्त रुई मिळाली. ज्यांच्या शेतात ज्वारी, कसावा पिकायचा, त्यांच्याकडे दुष्काळ आला.

या सगळ्याला ‘सुसंस्कृत करण्याचे कार्य’ असे नाव होते. पोर्तुगीज भाषा आणि राहणी आत्मसात केलेल्याला ‘आसिमिलादो’ दर्जा मिळे आणि वेठ सुटे. १९५० मध्ये सुमारे ५७ लाखांच्या लोकसंख्येत असे लोक ५ हजारही नव्हते. सक्तीचा कापूस आणि ‘नेटिव्हां’चा वेगळा कायदा १९६१ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि त्याचा राग मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांवर निघाला. त्यांना छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता जप्त केली आणि त्यांना देशाबाहेर घालवले.

त्याआधीच, १६ जून १९६० रोजी मुएडा येथे गाऱ्हाणी मांडायला जमलेल्यांवर गोळीबार झाला होता. १९६२ मध्ये दार-ए-सलाममध्ये फ्रेलिमो ही मुक्ती संघटना स्थापन झाली आणि १९६४ मध्ये सशस्त्र लढा सुरू झाला. तिचे पहिले अध्यक्ष एदुआर्दो मोंडलाने १९६९ मध्ये पार्सलबॉम्बने मारले गेले. शेवटी निकाल लागला तो लिस्बनमध्ये, एप्रिल १९७४ च्या लष्करी उठावाने.

स्वातंत्र्याबरोबर बहुतेक पोर्तुगीज निघून गेले. यंत्रचालक, डॉक्टर, कारकून, दुकानदार, सारेच गेले. मागे राहिलेल्यांत दहातले नऊहून अधिक निरक्षर होते. फ्रेलिमोने सामूहिक गावे आणि ‘पुनर्शिक्षण’ छावण्या लादून स्वतःच्या चुकांची भर घातली. ऱ्होडेशियाच्या गुप्तचर खात्याने उभे केलेले आणि पुढे दक्षिण आफ्रिकेने पोसलेले रेनामो बंडखोर तिच्याशी १९९२ च्या रोम करारापर्यंत लढत राहिले. या युद्धात आणि दुष्काळात सुमारे १० लाख माणसे गेली, असा अंदाज सर्वत्र दिला जातो.

आधी सांगितलेल्या खाणमजुरांच्या व्यवहाराचा मूलगामी अभ्यास मापुतोच्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठातल्या आफ्रिकी अभ्यास केंद्राने केला. केंद्राचे संचालक आकिनो द ब्रागांझा हे गोव्यात जन्मलेले. अभ्यासाची धुरा वाहणाऱ्या रूथ फर्स्ट १९८२ मध्ये तिथेच पत्रबॉम्बने मारल्या गेल्या. ब्रागांझा १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्यासोबत विमान अपघातात गेले.

पोर्तुगीज भाषा मात्र वसाहतकाळापेक्षा स्वातंत्र्यानंतरच अधिक पसरली, कारण अनेक भाषांच्या देशाला शाळा आणि कचेरीसाठी एक भाषा हवी होती. नकाशावरचा वारसा अधिक हट्टी निघाला. बैरा आणि मापुतोपासून निघणारे लोहमार्ग आत शेजारी देशांकडे धावतात. देशाच्या दक्षिणेला उत्तरेशी जोडणारा लोहमार्ग नाही. काइया येथे मुख्य महामार्गावरची वाहने २००९ पर्यंत झांबेझी तराफ्यांवरून ओलांडत होती. पोर्तुगीजांनी बांधलेल्या काहोरा बासा धरणाच्या वीजप्रकल्पाची बहुतांश मालकी २००७ मध्ये मोझांबिककडे आली. २,०७५ मेगावॉट क्षमतेच्या या प्रकल्पातली बरीचशी वीज जोहान्सबर्गकडे जाणाऱ्या सुमारे १,४०० किलोमीटर लांबीच्या तारांवर चढते. राजधानी मापुतोला ती दक्षिण आफ्रिकेच्या जाळ्यातून वळसा घेऊन मिळते.