बॅरिकेड : शब्द आणि भार

मराठी बोलण्यात 'बॅरिकेड' या एकाच शब्दाने पोलिसांचे लोखंडी कठडे, काँक्रीटचे ठोकळे आणि रस्त्याच्या कामाभोवती मांडलेल्या तांबड्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या टाक्या यांचा सरसकट निर्देश होतो. 'बॅरिअर' हा शब्दही त्याच अर्थी योजला जातो. वस्तुतः या दोन शब्दांची कुळे भिन्न आहेत. 'बॅरिअर'च्या मुळाशी आडव्या दांड्याची कल्पना आहे. दाराला आतून लावावयाच्या लाकडाचा वाचक असा मराठी 'अडसर' हा त्याचा अगदी जवळचा प्रतिशब्द होय. 'बॅरिकेड' हा शब्द मात्र पिंप या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून निघाला. १५८८ च्या मे महिन्यात पॅरिसच्या नागरिकांनी राजाच्या सैन्याची वाट अडविली, ती माती व दगड भरलेली पिंपे रस्त्यांत मांडून. अडसर दोन्ही टोकांच्या आधारावर अडवितो, पिंप आतील भारावर. पिंप रिकामे असेल, तर ते अडवीत नाही.

जलभारित टाक्यांचे तत्त्व हेच आहे. रिकामे कवच दोघातिघांना उचलता येते, म्हणून त्याची ने-आण सोपी. जागेवर आणल्यावर त्यात पाणी भरावयाचे. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलोग्रॅम भार. टाक्या खिळींनी एकमेकींत गुंतविल्या म्हणजे धडकेचा जोर एकीवर न राहता रांगेत वाटला जातो. वाहनाची गतिज ऊर्जा पाणी हलविण्यात आणि कवच फाटण्यात खर्ची पडते. अशी रांग धडकेसरशी मागे सरकते, वेग मोठा असल्यास काही मीटरही. म्हणून तिच्या पाठीशी मोकळी जागा राखणे अवश्य आहे. काम करणारा मजूर रांगेला खेटून उभा असेल, तर भरलेली टाकीही त्याला वाचवू शकणार नाही.

अमेरिकेतील वाहतूक-नियंत्रणाच्या नियमपुस्तिकेच्या २००९ च्या आवृत्तीत येथे एक महत्त्वाचा भेद केलेला आढळतो. केवळ मार्ग दाखविणारी टाक्यांची रांग वेगळी, आणि धडक-चाचणीत उतरलेला संरक्षक अडसर वेगळा. पहिलीचा उपयोग कामगारांच्या रक्षणासाठी करू नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. २००९ मध्येच तेथे प्रसिद्ध झालेल्या चाचणी-निकषांनुसार महामार्गावरील अडसरावर २२७० किलोग्रॅमचे वाहन ताशी १०० किलोमीटर वेगाने, २५ अंशांच्या कोनात आदळवून पाहतात. दिसण्यात मात्र दोहोंत फारसा फरक नसतो, आणि धोका नेमका येथेच आहे. चालकाला रिकामी टाकीही 'इकडे येऊ नका' असेच सांगते. पलीकडे खड्ड्यात उतरलेला मजूर तिलाच भिंत समजतो. एकच वस्तू एकाला खूण व दुसऱ्याला आश्रय वाटते. 'पोकळ' या मराठी विशेषणाचे दोन्ही अर्थ तिला लागू पडतात.

पाण्याचेही काही उपद्रव आहेत. टाकी झिरपते, झाकण सैल राहिले तर पाणी आटते व डासांचीही पैदास होते.

कामाच्या निविदेत नुसते 'बॅरिकेड' असे न लिहिता 'मार्गदर्शक टाकी' व 'संरक्षक अडसर' असे दोन शब्द योजावेत, आणि दुसऱ्यापुढे पाण्याची पातळी, जोडणी व पाठीमागील मोकळे अंतर यांचे आकडे द्यावेत. म्हणजे तपासनिसाला टाकीचा रंग न पाहता तिचे झाकण उघडून पाहावे लागेल.