उलव्यात घर घेताना इस्टेट एजंट कसा पारखावा

शिवडी ते न्हावा शेवा सागरी सेतू आणि खारकोपरच्या पुढे उरणपर्यंतची रेल्वे, या दोन्हींचे उद्घाटन 12 जानेवारी 2024 या एकाच दिवशी झाले. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचेही उद्घाटन झाले. तेव्हापासून उलव्याचे नाव आपल्या बाजारातही वरचेवर ऐकू येते. भेंडीबाजारातली पागडीची खोली सोडून किंवा भिवंडीतले माग विकून आलेला पैसा तिथल्या घरात घालू पाहणारे लोक आमच्या ओळखीत आहेत. वीस-पंचवीस वर्षांची कमाई एका सहीवर जाते, आणि बहुतेकांची पहिली गाठ पडते ती एजंटशी.

दलाल हा शब्द उगाच बदनाम झाला आहे. आम्ही कापडाच्या धंद्यात आहोत, तिथे दलालाशिवाय पान हलत नाही. चांगला दलाल माल दाखवतो, पार्टी कशी आहे ते सांगतो आणि पैसे अडकले तर तगाद्यालाही तोच जातो. पण त्याला उद्या परत त्याच दुकानाची पायरी चढायची असते, म्हणून तो तोंड सांभाळून बोलतो. घर घेणारे गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही, हे इस्टेट एजंटला ठाऊक असते. म्हणून इथे एतबाराच्या जोडीला कागद हवा.

पहिला कागद म्हणजे नोंदणी. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या एजंटला नोंदणीकृत प्रकल्पातली घरे विकता येत नाहीत. तसे केल्यास दिवसाला दहा हजार रुपये दंड आहे, आणि तो घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. महाराष्ट्रात एजंटला आता परीक्षा देऊन प्रमाणपत्रही घ्यावे लागते. त्याचा नोंदणी क्रमांक ‘ए’ अक्षराने सुरू होतो, इमारतीचा ‘पी’ने. व्हिजिटिंग कार्डावर काय, कोणीही काहीही छापतो. क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून बघावा. स्वतःला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला सांगावे, पाच मिनिटांचे काम आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड असणेही सक्तीचे आहे.

आता उलव्याची खास गोष्ट, आणि एजंटची खरी परीक्षा इथेच होते. नवी मुंबईसाठी सिडकोने गावांच्या जमिनी घेतल्या. जानेवारी 1984 मध्ये शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना 1990 च्या दशकात अमलात आली. उलव्यातल्या पुष्कळ इमारती अशाच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. मूळ शेतकरी, बिल्डर आणि सिडको यांच्यात त्रिपक्षीय करार होतो, आणि एकाच भूखंडाने कधी कधी दोन-तीन हात बदललेले असतात. म्हणून एजंटला विचारावे की भूखंड मूळ कोणाचा, सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, कोर्टात दावा आहे का, त्रिपक्षीय कराराची प्रत कुठे आहे. जाणता एजंट दोन दिवसांत कागद आणून देतो. जो म्हणतो, ‘शेठ, बँक लोन देतेय, मग कशाला टेन्शन घेता’, त्याला आम्ही सलाम करून निरोप देऊ. कागद वकिलाला दाखवावेत, आणि वकील एजंटने आणलेला नको, आपला असावा.

जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याने दिलेली. त्यामुळे जुने घर विकत घेताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क येते. हा खर्च कोणी सोसायचा ते भाव ठरवतानाच बोलून घ्यावे, नाहीतर शेवटच्या दिवशी तो आपल्याच गळ्यात पडतो. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, हेही आधी पाहावे.

मापाबद्दल आपल्याला कोणी शिकवायला नको. पन्हा न मोजता आपण ताका घेत नाही. मग ‘सुपर बिल्टअप’ ऐकून मान का डोलवावी? करारात कार्पेट क्षेत्रच लिहिले पाहिजे, आणि दोन घरांच्या भावाची तुलनाही कार्पेटवरच करावी.

एक कडू गोष्टही लिहितो. फोनवर नाव सांगितले की घर ‘कालच गेले’ असे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. यावर उपाय एवढाच की एजंटला पहिल्याच भेटीत सरळ विचारावे, मालकाला आमचे नाव सांगितले आहे का? चार रविवार वाया घालवणाऱ्यापेक्षा तोंडावर खरे सांगणारा बरा.

बयान्याच्या बाबतीत आपले लोक फार ढिले आहेत. आमच्या ओळखीच्या एका शिलाई कारागिराने एजंटच्या हातावर लाखभर रुपये रोख ठेवले. पावती म्हणून कार्डाच्या पाठीमागे एक सही मिळाली, आणि मालक म्हणाला, मला एक पैसा पोहोचलेला नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्यालाही मंजूर नाही. चेक मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावे द्यावा, एजंटच्या नावे नव्हे. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही.

दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. नव्या इमारतीत ती बहुधा बिल्डर देतो, म्हणून तिथला एजंट कोणाच्या बाजूने बोलतो ते ओळखून असावे. जुन्या घरात टक्का-दोन टक्के मागतात. आकडा आधी लिहून घ्यावा, अर्धी रक्कम कराराच्या नोंदणीच्या दिवशी द्यावी. बाकीची अर्धी चावी, इंडेक्स टू आणि सिडकोचे हस्तांतराचे पत्र हाती पडल्यावर, तीही चेकने.