जुन्या जीपचे ‘स्लो’वर बंद पडणे

पुष्कळ शेतकरी बंधूंच्या गोठ्याशेजारी अद्यापि एखादी पेट्रोलवर चालणारी जुनी जीप उभी असते. अमेरिकेतील विलीज कंपनीने १९५३ साली काढलेल्या सीजे-३बी नमुन्याची जीप महिंद्रांनी आपल्या देशात पुढे अनेक वर्षे बांधली. त्या गाड्यांविषयी हा लेख आहे. त्यांची एक तक्रार वारंवार कानी येते. वेगात गाडी ठीक चालते; परंतु अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की एंजिन थरथरते, ठोके चुकविते आणि बंद पडते. घाटाच्या चढणीवर, मागे भरलेला ट्रेलर असता असे घडले म्हणजे काय प्रसंग ओढवतो, हे सांगावयास नको.

अशा वेळी बहुतेक लोक प्रथम कार्बोरेटरचा स्क्रू फिरवितात, आणि येथेच चुकतात. मंद गतीस, म्हणजे कारागीर ज्यास ‘स्लो’ म्हणतात त्या स्थितीत, कार्बोरेटरमधील पडदा जवळजवळ मिटलेला असतो. एंजिन अगदी थोडी हवा ओढते व पेट्रोलही सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून येते. अशा स्थितीत कोठून तरी चोरून थोडी हवा आत शिरली, तर मिश्रण एकदम पातळ होते. वेगात तीच चोरटी हवा एकंदर हवेच्या मानाने नगण्य असल्यामुळे दोष लपून राहतो. स्क्रू सैल करून पेट्रोल वाढविले तर चार दिवस गाडी बरी वाटते. मग प्लग काजळतात आणि दोष प्लगांवर जातो.

प्रस्तुत लेखकाच्या गाडीचे असेच झाले. एका कारागिराने स्क्रू फिरविला, मग प्लग बदलले, शेवटी कार्बोरेटरही नवा बसविला. गुण आला नाही. पुढे महसुली हिशेबाचा मेळ बसेना म्हणजे आम्ही पहिल्या रकमेपासून पडताळा घेत असू, तसा घेतला, तेव्हा वायपरकडे जाणारी रबरी नळी चिरलेली सापडली. वीतभर नळीने काम झाले.

पडताळा ठिणगीपासून सुरू करावा. एंजिन स्लोवर चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने, एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पहावी. जी काढल्याने एंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर निकामी समजावा. प्लगचे अंतर ०.०३० इंच व पॉइंटचे ०.०२० इंच असावे. पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे. ठिणगी उत्तम असूनही सिलिंडर मेलेलाच राहिला, तर व्हाल्व्ह पहावे. या एंजिनात हवा घेणारे व्हाल्व्ह वर हेडमध्ये व धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. थंड एंजिनात वरच्यांस ०.०१८ व खालच्यांस ०.०१६ इंच फट लागते. सैल व्हाल्व्ह खडखडून आपली तक्रार सांगतो. घट्ट व्हाल्व्ह मात्र मुकाट्याने जळतो, म्हणून गाडी शांत आहे यावर विसंबू नये.

आता हवा. चोक किंचित ओढून पहावा. एंजिन त्याने सुधारले, तर एक तर हवा अधिक शिरत आहे किंवा पेट्रोल कमी येत आहे. एकेक रबरी नळी बोटांनी दाबून पहावी. कार्बोरेटरच्या बुडाच्या पॅकिंगवर ओला ब्रश फिरवावा. पाण्याने भेग क्षणभर बुजते व आवाज बदलतो. कित्येक जण या परीक्षेसाठी पेट्रोल शिंपडतात. ते सर्वस्वी वर्ज्य समजावे, तापलेला सायलेन्सर हातभर अंतरावर असतो. क्रँककेसची वाफ ओढणारा लहान व्हाल्व्ह चिकटून उघडा राहिला तरी हेच लक्षण दिसते. तो काढून धुवावा. कार्बोरेटरच्या पडद्याचा दांडा हाताने हलवून खेळत असल्यास त्यास बुश बसविल्यावाचून गत्यंतर नाही. या एंजिनात हवेचा मार्ग हेडमध्येच ओतलेला असल्यामुळे त्याचे निराळे पॅकिंग नसते. ते बदलण्याचे पैसे कोणी मागितल्यास देऊ नयेत.

पेट्रोलची गोष्ट आपल्या ऊसकऱ्यांच्या अधिक जवळची आहे. २०२५ सालापर्यंत पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. त्यापैकी पुष्कळ आपल्याच उसाचे! उसास गिऱ्हाईक मिळाले ही आनंदाची बाब. परंतु जुन्या जीपचे जेट शुद्ध पेट्रोलसाठी कोरलेले आहेत. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के प्राणवायू असल्यामुळे त्याच जेटातून येणारे मिश्रण पातळ होते. शिवाय ते पाणी शोषून घेते, टाकीतील जुना चिकटा सोडविते आणि जुन्या रबराचा पडदा व नळ्या मऊ करते. म्हणून गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये, पंपाच्या काचेच्या वाटीत तळाशी पाणी दिसते काय ते पहावे, आणि पडदा व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्या. कोसभर जाऊन गाडी बंद पडत असेल तर टाकीचे झाकण उघडावे. आत हवा ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचे छिद्र बुजले आहे. उन्हाळ्यात बंद पडल्यास पंप व नळीवर ओले फडके गुंडाळून पहावे. त्याने चालू झाली तर नळीत वाफ धरत होती.

एवढे सर्व झाल्यावरच स्क्रूस हात लावावा. एंजिन चांगले तापवून मग बंद करावे. स्क्रू बोटांनी हलकेच आत टेकवावा, जोर केल्यास टोक खराब होते. तेथून दीड वेढा बाहेर घेऊन एंजिन सुरू करावे व मिनिटास सुमारे ६०० फेरे ठेवावे. अडखळेपर्यंत सावकाश आत, मग नितळ चालेपर्यंत बाहेर. नव्या पेट्रोलमुळे पूर्वीपेक्षा थोडा अधिक उघडावा लागेल, त्याचे भय नको. मात्र स्क्रू पुरता आत नेऊनही एंजिन चालूच राहिले, तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येत आहे. तेव्हा कार्बोरेटर उघडून फ्लोटची उंची व त्याची सुई तपासावी.