शब्द अडला, आता काय करावे?

मराठी माध्यमातून शिकून कॉलेजात आलेला मुलगा अर्थशास्त्राचे इंग्रजी पुस्तक उघडतो, तेव्हा तो नुसता वाचत नसतो. ओळीओळीला निर्णय घेत असतो. शब्द अडला. आता कोश काढायचा, तर्काने अर्थ लावायचा, की सोडून पुढे जायचे? हे सारे इतके झटकन होते, की त्याचे त्यालाही कळत नाही.

एक उदाहरण पाहा. वाक्य होते : 'डिमांड फॉर सॉल्ट इज हार्डली अफेक्टेड बाय इट्स प्राइस.' माझ्या एका विद्यार्थ्याने 'अफेक्टेड'खाली रेघ मारून त्याचा अर्थ समासात लिहिला होता. 'हार्डली' मात्र त्याला ठाऊकच होता! 'हार्ड' म्हणजे जोराचा, तेव्हा 'हार्डली' म्हणजे जोराने. उत्तरात त्याने लिहिले, किमतीचा मिठाच्या मागणीवर मोठा परिणाम होतो. वास्तविक 'हार्डली' म्हणजे 'जवळजवळ नाहीच'. सिद्धान्त उलटा झाला, गुण गेले.

मी विचारले, "अरे, मीठ महागले तर तुझी आई आमटीत मीठ कमी घालते का?"

"नाही, सर."

"मग पुस्तक तसे कसे म्हणेल?"

तो ओशाळून हसला आणि त्याने कोश उघडला.

म्हणजे पाहा, अनोळखी शब्दाने त्याला फसवले नाही. अर्धवट ओळखीच्या शब्दाने फसवले. अनोळखी शब्दापाशी आपण निदान थबकतो तरी!

मग प्रत्येक शब्द कोशात पाहावा का? तेही नव्हे. दर ओळीला कोश उघडला, तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरते. निवड करावीच लागते. ती अशी करावी. 'अनलेस', 'हाउएव्हर', 'हार्डली' असे अर्थाला वळण देणारे शब्द कधीही सोडू नयेत. जो शब्द पानात पुन्हापुन्हा येतो, तो जरूर पाहावा. न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली निरनिराळ्या विषयांच्या ग्रंथांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी केली. अशा ग्रंथांतले सुमारे १० टक्के शब्द या यादीतलेच असतात. तेव्हा ही मेहनत फुकट जात नाही. एकदाच डोकावणाऱ्या विशेषणाला मात्र बारीक खूण करून खुशाल पुढे जावे.

आणि तर्क केला, तर तो तपासावा. पुढच्या वाक्याशी तो जुळतो का? व्यवहाराला पटतो का? परिच्छेद संपला की पुस्तक मिटून त्याचा आशय आपल्या मराठीत स्वतःलाच सांगावा. जिथे जीभ अडखळेल, तिथे परत जावे.

परत जाण्यात कमीपणा नाही, बरे का! कुठे परत जायचे हे ज्याला कळले, त्याला वाचता आले.