याचा भोपळा कुठे आहे?

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आधीच्या दोन-चार दिवसांपासूनच दिंड्या यायला लागतात आणि गावात टाळ-मृदंगाखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही. अशाच एका यात्रेच्या वेळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आयटीआय करून तो आता सातपूरच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून त्याने तीस हजार रुपये जमवले होते आणि त्याला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती. बरोबर त्याचे वडीलही होते. ते त्यांच्या दिंडीचे विणेकरी.

मुलाने गिटारचे छापील चित्र माझ्यापुढे ठेवले. किंमत जवळजवळ तीस हजार. "सर, घेऊ का?" वडिलांनी ते चित्र उचलून निरखून पाहिले. म्हणाले, "गुरुजी, ही तर नुसती फळीच दिसते. याचा भोपळा कुठंय?"

मुलगा हसला. मला मात्र वाटले, की खरा प्रश्न वडिलांनीच विचारला आहे. त्याचे उत्तर सापडले, तर तीस हजार कसे खर्च करायचे तेही सापडेल.

तारेला भोपळा का लागतो?

प्रयोगशाळेतला नादकाटा घ्या. रबरी ठोकळ्यावर आपटून हातात उभा धरा. आवाज जेमतेम ऐकू येतो. आता त्याचा दांडा टेबलावर टेकवा. आवाज सगळ्या वर्गाला ऐकू जातो. मुलांना विचारा, टेबलाने आवाज निर्माण केला का?

तार किंवा काटा यांचा आकार लहान असतो. तार पुढे सरकली की तिच्यापुढची हवा दाबली जाण्याऐवजी बाजूने निसटून मागे जाते. बारीक काठीने वारा घालून बघा, मग पुठ्ठ्याने घाला. फरक लगेच कळेल. वाद्याची घोडी तारेची कंपने खालच्या तबलीला देते. तबलीचे क्षेत्रफळ मोठे असल्याने ती पुष्कळ हवा ढकलते आणि भोपळ्यातली हवाही तिच्या साथीला येते.

इथे एक गोष्ट मुलांच्या हमखास लक्षात येत नाही. भोपळा ऊर्जा वाढवत नाही. तारेत जेवढी ऊर्जा बोटाने घातली तेवढीच तो बाहेर टाकतो, फक्त लवकर टाकतो. म्हणून टेबलावर टेकवलेला नादकाटा जोरात वाजतो आणि लवकर शांत होतो. घड्याळ लावून हे मोजता येते.

म्हणजे वीणा, तंबोरा, सतार यांचा आवाज तारेचा जितका, तितकाच भोपळ्याचा आणि लाकडाचा. मिरजेचे कारागीर भोपळा निवडण्यात, तो वाळवण्यात आणि घोडीची जवारी लावण्यात जे कष्ट घेतात ते याचसाठी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोरा घेताना भोपळ्यासाठी आणि लाकडासाठी जास्त पैसे मोजले, तर ते आवाजासाठीच मोजलेले असतात.

तारेखालचे चुंबक

१९२०-३० च्या सुमारास अमेरिकेत वाद्यवृंद मोठे होत गेले आणि त्यांत गिटार ऐकू येईनाशी झाली. भोपळा किती मोठा करणार? तेव्हा काही जणांनी वेगळीच वाट धरली. १९३२ मध्ये विक्रीला आलेली, पुढे रिकनबॅकर या नावाने ओळखली गेलेली एक गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ही गिटार इतकी तव्यासारखी दिसे, की तिचे नावच 'फ्राइंग पॅन' पडले. तिला ना भोपळा होता, ना लाकडी तबली. तारांजवळ होते चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे. यालाच पिकअप म्हणतात.

पिकअपमागचे तत्त्व आपण दहावीला शिकवतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले, की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले तर वेटोळ्यात विद्युतधारा प्रवर्तित होते. गिटारची तार पोलादाची असते. पिकअपच्या चुंबकामुळे तिचा वरचा तुकडाही चुंबकित होतो. तार हलली की वेटोळ्यातले क्षेत्र त्याच लयीत बदलते. तार सेकंदाला ११० वेळा कंप पावली तर ११० हर्ट्झचे व्होल्टेज मिळते. नेहमीच्या पिकअपमध्ये केसाइतक्या बारीक तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. तरीही मिळणारे व्होल्टेज एक दशांश व्होल्टच्या आसपासच असते. ते अ‍ॅम्प्लिफायरने वाढवून स्पीकरला द्यावे लागते.

पिकअप हवेचा आवाज ऐकत नाही, तो तारेची हालचाल टिपतो. म्हणूनच पोकळ अंगाची गरज उरली नाही. उलट पोकळ अंगाचा त्रासच होई. स्पीकरच्या आवाजाने तबली थरथरे, ती तारांना हलवी, तारा पुन्हा स्पीकरला, आणि सभागृहात शिट्टी घुमे. यावर उपाय म्हणून भरीव लाकडाच्या गिटारी आल्या. १९५० मध्ये अशी गिटार मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात करणारा लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा होता. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. हे ऐकून आमच्या इलेक्ट्रिशियनचा चेहरा खुलला.

करून पाहा

एका फळीवर दोन खिळ्यांमध्ये पोलादी तार ताणून बसवा. भंगारातल्या जुन्या रिलेचे वेटोळे मिळवा. त्याच्या लोखंडी गाभ्याच्या एका टोकाला लहान चुंबक चिकटवा आणि दुसरे टोक तारेखाली दोन-तीन मिलिमीटरवर ठेवा. वेटोळ्याची दोन टोके शाळेच्या लाउडस्पीकरच्या माइकच्या जागी जोडा. आवाजाची खुंटी आधी अगदी कमी ठेवा, मग हळूहळू वाढवा.

तार छेडली की स्पीकरमधून सूर येईल. आता चुंबक काढून छेडा. सूर जवळजवळ नाहीसा होईल. पोलादाऐवजी मासे धरायची नायलॉनची दोरी लावा. काहीच ऐकू येणार नाही. शेवटी वेटोळे तारेच्या मध्याखालून टोकाकडे सरकवा. सूर तोच राहतो, पण मध्याशी तो गोल आणि भरदार लागतो, टोकाशी तीक्ष्ण. तार पूर्ण लांबीने डोलते तशीच दोन, तीन, चार भागांतही डोलत असते. दोन भागांत डोलताना तिचा मध्य स्थिर असतो, म्हणून तिथे ठेवलेल्या पिकअपला ते कंपन कळतच नाही. गिटारवर दोन-तीन ठिकाणी पिकअप असतात ते याच कारणासाठी.

मग जास्त पैसे कशाचे?

नवशिक्यांसाठीच्या इलेक्ट्रिक गिटारी आज साधारण दहा-बारा हजारांपासून मिळतात. पंचवीस ते चाळीस हजार हा मधला टप्पा, आणि पुढे लाखाच्या वरही किमती जातात. या वाढत्या किमतीत अंगाचे लाकूड, रंग, चकाकी आणि कंपनीचे नाव यांचा वाटा मोठा असतो. भरीव गिटारमध्ये लाकडाचा परिणाम अगदीच शून्य नसतो, कारण तारेची टोके त्यावरच टेकलेली असतात. पण पिकअपचा प्रकार, त्याची जागा आणि तारेपासूनचे अंतर यांपुढे तो लहान आहे.

ज्यासाठी जास्त पैसे द्यावेत अशा गोष्टी वेगळ्याच आहेत: पडदे नेमके बसवणे, दांडी सरळ असणे आणि खुंट्या न घसरणे. तार बिनचूक लांबीची आणि बिनचूक ताणाची ठेवणे हे त्यांचे काम. हे दुकानात कसे तपासायचे?

पहिली कसोटी फूटपट्टीची. सप्तकाचे बारा समान भाग करायचे तर प्रत्येक पडद्याला तारेची उरलेली लांबी १.०५९५ ने भागावी लागते. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा ३६.४ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. हे गणित वर्गातही करून घेण्यासारखे आहे.

दुसरी कसोटी कानाची. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसते टेकवून छेडा. वरच्या सप्तकातला सूर येतो. मग त्याच पडद्यावर तार दाबून छेडा. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. दाबताना तार किंचित ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून घोडी पुढेमागे सरकवण्याची सोय असते. ती सरकवूनही सूर जुळत नसेल तर गिटार नको.

तिसरी कसोटी खुंट्यांची. तारेचा ताण एकच टक्का उतरला तर कंपनसंख्या अर्धा टक्का उतरते, म्हणजे ११० ची १०९.४५ होते. मूळ सुराबरोबर वाजवली तर दर दोन सेकंदांना एक हेलकावा ऐकू येतो. तार सुरात लावून पाच मिनिटे जोरात वाजवावी आणि पुन्हा सूर तपासावा.

चौथी कसोटी ट्यूबलाइटजवळ उभे राहण्याची. घरातली वीज ५० हर्ट्झची असते आणि तिचे बदलते चुंबकीय क्षेत्रही पिकअप टिपतो. त्यामुळे गुणगुण येते. दोन वेटोळी उलट जोडलेल्या, हंबकर नावाच्या पिकअपमध्ये ही गुणगुण बरीच रद्द होते. हंबकर हवाच असे नाही, पण फरक कानाने ऐकून ठरवावे.

त्र्यंबकच्या माणसाने आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. हवेतला ओलावा शोषून दांडी वाकते आणि तारा गंजतात. दांडीच्या आतली पोलादी सळई फिरवून वाक काढता येतो. ती फिरते का, हे दुकानदाराकडून दाखवून घ्यावे. दर पावसाळ्यात नव्या तारांचा खर्चही धरावा.

आणि भोपळा?

हे सगळे सांगून झाल्यावर मी वडिलांकडे वळलो. म्हटले, "माउली, भोपळा आहे, पण तो वेगळ्या पेटीत असतो आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात." स्पीकरचा कागदी शंकू म्हणजेच इथली तबली, हवा ढकलण्याचे काम तोच करतो. गिटारसाठीचे स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे सूर फारसे सोडतच नाहीत, त्यामुळे तीच गिटार दुसऱ्या पेटीतून वाजवली की वेगळी वाटते. फरक एवढाच, की या भोपळ्याला ऊर्जा बोटाकडून मिळत नाही, विजेकडून मिळते.

मुलगा गप्प झाला. तीस हजारांत त्याने नुसती गिटार धरली होती. म्हणजे तो भोपळ्याविना वीणा घ्यायला निघाला होता.

मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. मधल्या किमतीची गिटार वाईट नव्हती. पडदे आणि खुंट्या चांगल्या असतील तर ती पुढची कित्येक वर्षे पुरेल, हे खरे. पण पेटी, तारा आणि एकदा जाणकाराकडून जुळवून घेण्याचा खर्च धरला तर त्याला चाळीस हजारांच्या वर लागत होते. दोनच वाटा होत्या. एक तर अठरा-वीस हजारांची गिटार वरच्या कसोट्या लावून निवडायची आणि उरलेल्यात पेटी घ्यायची. नाही तर आणखी काही महिने थांबायचे. रोज वाजवायला मिळणे महत्त्वाचे असेल तर पहिली वाट बरी, असे मी सांगितले. नवशिक्याला घसरणारी खुंटी जितकी नाउमेद करते, तितकीच न वाजवता गेलेली वर्षेही करतात.

पुढच्या रविवारी बापलेक नाशिकला गेले. मुलाच्या खिशात फूटपट्टी होती. दुकानात बाराव्या पडद्यावरचे दोन सूर जुळतात की नाही, हे मात्र वडिलांनी ऐकले. इतकी वर्षे वीणा लावणारा कान तो. चित्रातली चकचकीत गिटार त्यांनी नाकारली आणि तिच्याहून स्वस्त असलेली दुसरी, पेटीसकट, घरी आली.

तुमच्या गावातही विणेकरी, सतारवादक किंवा बँडवाले असतील. त्यांना एक दिवस शाळेत बोलवा. तारेला भोपळा का लागतो आणि तो केव्हा लागत नाही, हे मुलांना त्यांच्यासमोर करून पाहू द्या. रिलेचा प्रयोग केलात तर काय ऐकू आले ते जरूर कळवा.