हप्त्याहप्त्याने उभे राहणारे घरकुल

लाकडी खांब आणि तुळया, दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे धाबे, म्हणजेच माळवद. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी असो की मराठवाड्यातले दुसरे एखादे गाव, जुन्या घराची ओळख हीच. उन्हाळ्यात ते गार असते. पण पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती टाकली नाही, तर ते गळायला लागते. मातीत रचलेली दगडी भिंत कितीही रुंद असली तरी सरकारी व्याख्येत ती कच्चीच धरली जाते.

अशी घरे पक्की करण्यासाठी सरकार पैसा देते, त्याची पद्धत मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. सिंगापूरमध्ये सरकारी मंडळ इमारती उभारून लोकांना सदनिका देते. आपल्या खेड्यात मात्र सरकार एक वीटही रचत नाही. पैसा सरकारचा आणि बांधणारा घरमालक, हे घरकुल योजनेचे मूळ सूत्र आहे. ठेकेदार नेमायला नियमानेच मनाई आहे.

याची सुरुवात 1985-86 मध्ये इंदिरा आवास योजनेने झाली. 1 जानेवारी 1996 पासून ती स्वतंत्र योजना झाली. सुरुवातीला भर नव्या घरांवर होता. 1999 पासून निधीचा 20 टक्के वाटा जुन्या कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी राखला गेला आणि त्यासाठी घरामागे 10 हजार रुपये मिळू लागले. 2016 मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने (ग्रामीण) घेतली. सपाट भागात घरामागे 1 लाख 20 हजार रुपये अनुदान ठरले. त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के. शौचालयासाठी 12 हजार रुपये आणि रोजगार हमीतून 90 दिवसांच्या मजुरीची तरतूद वेगळी. घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट हवे. याशिवाय अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास आणि आदिवासींसाठी शबरी आवास या राज्याच्या योजना आहेत.

पैसा एकरकमी मिळत नाही. आधी लाभार्थी सध्या राहतो त्या घराचा आणि नव्या जागेचा मोबाइलवर फोटो काढला जातो. त्या जागेचे अक्षांश-रेखांश फोटोसोबत नोंदवले जातात. मंजुरीनंतर पहिला हप्ता थेट बँक खात्यात येतो. पुढे जोते झाले, लिंटेल झाले, स्लॅब पडला, की त्या-त्या टप्प्याचा फोटो जातो आणि पुढचा हप्ता सुटतो. काम थांबले की पैसाही थांबतो.

जुने घर न पाडताही मजबूत करता येते, हे मराठवाड्याने किल्लारीच्या भूकंपानंतर पाहिले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-धाराशिव परिसरात हजारो माणसे याच दगड-मातीच्या भिंतींखाली आणि जड माळवदांखाली गाडली गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी वसली. बाकीच्या गावांत लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीसाठी आणि मजबुतीकरणासाठी मालकांना अनुदान मिळाले. रुंद दगडी भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात आणि हादरा बसला की ते सुटे होतात. म्हणून भिंतीला आरपार भोक पाडून त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि ते काँक्रीटने भरायचे, म्हणजे दोन्ही थर एकत्र बांधले जातात. त्याबरोबर छपरावरची माती कमी करायची आणि खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरके आधार द्यायचे. खर्च थोडा, पण भूकंपात घर टिकते की कोसळते, हे अशाच कामांवर ठरते.

2024 मध्ये केंद्राने आणखी 2 कोटी ग्रामीण घरांना मंजुरी दिली. ज्यांचे घर अजून कच्चे आहे, त्यांनी ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी वाचली जाताना हजर राहावे, नाव नसेल तर तिथेच हरकत नोंदवावी आणि घरकुलासाठी मिळणाऱ्या मोफत वाळूची चौकशी पंचायत समितीत करावी. आणि घर मंजूर झाले, तर पहिला हप्ता दुसऱ्या कशालाही न लावता जोत्यातच घालावा. पुढचे सगळे हप्ते त्यावर अवलंबून आहेत.