आरशासमोर (भाग ७) : ब्रश घ्यावा केस पाहून

मागच्या भागात फाउंडेशनची छटा जबड्यावर लावून कशी पारखायची ते पाहिलं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा होती : छटा अगदी बरोबर मिळाली, पण गालावर रेघा दिसतात, भिंतीला डिस्टेंपर मारल्यासारख्या. या रेघांसाठी फाउंडेशनला दोष देऊ नका. जिभेच्या आकाराचा चपटा ब्रश फिरवलात की रेघा येणारच, कारण तो रंग पसरवतो, मुरवत नाही. तेच फाउंडेशन गच्च केसांच्या, माथ्यावर सपाट असलेल्या गोल ब्रशने लहान लहान गोल फिरवत लावून पाहा. पाचव्या मिनिटाला रेघा शोधाव्या लागतील.

माझा स्वतःचा पहिला संच २४ ब्रशांचा होता. काळ्या रेक्झिनची गुंडाळी, सोनेरी नळ्या, आणि किंमत इतकी कमी की तेव्हाच शंका यायला हवी होती. पहिल्याच लग्नात नवरीच्या गालावर पावडर फिरवली आणि ब्रशचे केस गालालाच चिकटून राहिले. मी चिमट्याने एकेक वेचत होते, तेवढ्यात मागून तिच्या मावशींचा आवाज आला, “अगं, पोरीला दाढी फुटली की काय?” त्या २४ मधले १९ मी पुढेही कधी वापरले नाहीत. केस टिकले असते तरी वापरले नसते. त्यांना कामच नव्हतं.

ब्रशचे भाग तीन : केस, त्यांना आवळून धरणारी धातूची नळी आणि दांडा. दुकानात बहुतेक जण दांडा पाहतात. पाहायची ती नळी. ती दांड्यावर घट्ट दाबून बसवलेली हवी. डोकं धरून हलकेच पिळा. फिरलं तर ब्रश परत ठेवा. मग केस उलटसुलट चार वेळा तळहातावर घासा आणि बोटांत धरून ओढा. एखादा गळाला तर हरकत नाही, चार गळाले तर पुढच्या दुकानात जा. शेवटी तो गालावर फिरवा. हाताची कातडी राठ असते, ती टोचणं लपवते.

आता केसांविषयी, कारण निवडीचं सगळं मर्म तिथंच आहे. बकरी, खार, घोडा अशा प्राण्यांच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात. त्या खवल्यांत पावडरचे कण अडकतात आणि त्वचेवर थोडे थोडे सुटतात. खारीचा केस फार मऊ, रंगाची नुसती झाक देणारा. बकरीचा त्याहून ताठ, रंग जास्त उचलणारा. पण हाच केस फाउंडेशनमध्ये बुडवलात तर अर्धं फाउंडेशन तोच पिऊन टाकतो. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा कृत्रिम केस गुळगुळीत असतो, तो द्रव शोषत नाही. म्हणून पातळ आणि क्रीमसारख्या प्रसाधनांना कृत्रिम केस, कोरड्या पावडरला प्राण्यांचा, असा जुना हिशेब. आता कृत्रिम केसही टोकाला निमुळते आणि अंगाला नागमोडी करता येतात, ते पावडर बऱ्यापैकी धरतात. पहिल्यांदाच घेणारीला मी सगळेच ब्रश कृत्रिम केसांचे घ्यायला सांगते. धुवायला सोपे, वाळायला जलद, आणि कुणाचे केस हा प्रश्नच नाही.

हा प्रश्न आपल्याकडे वाटतो तितका साधा नाही. चित्रकारांच्या ब्रशांसाठी मुंगसाच्या केसांचा चोरटा व्यापार भारतात वर्षानुवर्षं चालत आला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, आणि २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने या व्यापाराविरुद्ध ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाची मोहीमच काढली. ते ब्रश चित्रांचे होते, मेकअपचे नव्हे. तरीही विक्रेता नुसतं “असली बाल है मॅडम” म्हणत असेल आणि कुठल्या प्राण्याचे ते सांगत नसेल, तर मी पैसे पाकिटातच ठेवते.

उत्तम ब्रश कसा बनतो ते पाहायचं तर जपानमधल्या हिरोशिमाजवळच्या कुमानो या गावाकडे पाहावं. डोंगरांनी वेढलेलं गाव, शेती बेताची. शेतीची कामं नसत तेव्हा इथले लोक मजुरीला दूर जात आणि परतताना नारा भागातून लिहिण्याचे ब्रश आणि शाई विकत घेऊन वाटेत विकत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी ते ब्रश गावातच बनवायला घेतले. पुढे सुलेखनाच्या ब्रशांची मागणी घटली, तेव्हा तोच हात मेकअपच्या ब्रशांकडे वळला. १९७५ मध्ये कुमानोच्या ब्रशांना जपान सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. २०११ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या महिला फुटबॉल संघाचा सरकारी सन्मान झाला, तेव्हा भेट म्हणून खेळाडूंना कुमानोचे मेकअप ब्रश दिले होते. मला हा किस्सा फार आवडतो.

कुमानोची खरी खुबी मात्र कात्री न लावण्यात आहे. तिथले कारागीर केसांची टोकं कापून आकार देत नाहीत. लाकडी साच्यात केस टोकाकडून बसवून गोलाई आणतात आणि कापायचं ते मुळाकडून. न कापलेला केस टोकाला निमुळता असतो, म्हणून मऊ लागतो. कात्रीने छाटलेलं टोक बोथट राहतं आणि टोचतं. तुमचा स्वस्त ब्रश गालावर का टोचतो याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. जाता जाता : बाजारात ज्या बुटक्या, जाड ब्रशला ‘काबुकी’ म्हणतात, त्याचा काबुकी रंगभूमीशी संबंध नावापुरता. तिथले नट चेहऱ्यावर पांढरा रंग चढवतात तो रुंद, चपट्या ब्रशने.

चेहऱ्याला तीन ब्रश पुरतात. एक गच्च, बेससाठी. एक मोठा, फुलारलेला, पावडरसाठी. तिसरा त्याच्या निम्म्या आकाराचा, ब्लशसाठी. काँटूरही त्यानेच भागतं. नियम एकच ध्यानात ठेवा : केस जितके गच्च तितका रंग दाट, जितके विरळ तितका फिका. दांडा टोकाकडून धरला की दाब आपोआप कमी होतो. ब्लश भडक झाला म्हणून रडणाऱ्या निम्म्या मुली ब्रश पेन्सिलीसारखा नळीपाशी धरतात. पंख्याच्या आकाराचा ब्रश दिसायला देखणा असतो, मी तो वर्षातून दोनदा वापरते.

डोळ्यांना दोन पुरेत. छोटा चपटा आणि छोटा फुलारलेला. चपट्याने आयशॅडो पापणीवर दाबून बसवायची, घासायची नाही. घासली की अर्धी गालावर पडते. फुलारलेला ब्रश पापणीच्या घडीत, गाडीच्या वायपरसारखा इकडून तिकडे, अगदी हलक्या हाताने फिरवायचा, म्हणजे दोन रंगांमधली कड विरते. रंगात नुसतं टोक बुडवा आणि डबीच्या काठावर झटका. डोळे आधी, डोळ्यांखालचा बेस नंतर, कारण सांडलेली पावडर तेव्हा नुसती झटकून टाकता येते. भुवयांसाठी संपलेल्या मस्काऱ्याची कांडी स्वच्छ धुऊन ठेवा, वेगळी विकत घेऊ नका.

इतकं करूनही शॅडो टिकत नाही, असं विचारणाऱ्यांना मी आजीचं कुंकू आठवायला सांगते. आधी बोटाने मेणाचा गोल टेकवायचा, मग त्यावर पिंजर. कोरडी पूड कोरड्या कातडीवर टिकत नाही, हे तिला माहीत होतं. पापणीवर प्रायमर लावतात ते याचसाठी. होमाच्या धुरात नवरीच्या डोळ्यांना धारा लागतात, तेव्हा खाली प्रायमर होतं की नव्हतं ते लगेच कळतं.

धुण्याबद्दल मी कडक आहे. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची अकादमी ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. कोमट पाणी, थोडा बेबी शाम्पू, आणि केस कायम खालच्या बाजूला. नळीत पाणी शिरलं की आतला गोंद सुटतो, म्हणून भिजत घालायचे नाहीत आणि ओले ब्रश पेल्यात उभे करायचे नाहीत. टेबलाच्या कडेला टॉवेलवर आडवे, केस कडेबाहेर. कोकणातल्या पावसाळ्यात दोन दिवसांतही ते वाळत नाहीत. पंखा लावा, नाहीतर बुरशीचा वास येईल.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते, तेव्हा एकाच ब्रशने चार जणींच्या पापण्या रंगवणं किती महागात पडू शकतं याची अनेकींना पहिल्यांदा जाणीव झाली. लग्नाच्या दिवशी एकाच खोलीत नवरी, करवली, आत्या, काकू रांगेत बसतात. मी दोन जणींच्या मध्ये ब्रश ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू देते, आणि मस्कारा एकीचा दुसरीला लावत नाही. तुमच्या घरी कुणी मेकअप करायला आली, तर सुरुवातीला तिचे ब्रश पाहायला मागा. चांगली असेल ती रागावणार नाही, पेटी उघडून दाखवेल.

पुढच्या रविवारी काजळ.